लघवीतला आकडा आणि घाटातली गर्दी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एखाद्या विजेत्या सायकलपटूचं नाव डोपिंगच्या बातमीत आलं की लोकांचे दोन तट पडायला तासभरही लागत नाही. एका बाजूला ‘सगळे एकाच माळेचे मणी’, दुसऱ्या बाजूला ‘एकदा तरी सापडला का? मग कसले आरोप करता?’ दोन्ही बाजूंनी भांडण जोरात होतं, पण बातमीतला आकडा कशाचा आहे, तो कुठल्या मर्यादेशी ताडून पाहायचा आणि चौकशी कुठवर आली आहे, हे फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. वृत्तपत्रंही ते नीट सांगत नाहीत. म्हणून हे पत्र. ब्रिटनचा सायकलपटू ख्रिस फ्रूम याच्या प्रकरणात ही गफलत सर्वांत स्वच्छ दिसते, तेव्हा तेच उदाहरण घेतो.

फ्रूमने २०१३, २०१५, २०१६ आणि २०१७ अशी चार वेळा टूर द फ्रान्स जिंकली. २०१७ मध्ये त्याने टूरपाठोपाठ स्पेनची व्हुएल्टाही जिंकली. त्या व्हुएल्टाच्या अठराव्या टप्प्यानंतर, ७ सप्टेंबर २०१७ रोजी, त्याच्या लघवीचा नमुना घेतला गेला. त्यात साल्ब्युटामॉल हे द्रव्य दर मिलिलिटरला सुमारे २,००० नॅनोग्रॅम निघालं. नियमाची मर्यादा १,००० होती. १३ डिसेंबरला ही गोष्ट फुटली आणि ब्रिटनच्या ‘द गार्डियन’ने व फ्रान्सच्या ‘ल मोंद’ने ती छापली. मग जगभर एकच मथळा फिरला : परवानगीच्या दुप्पट.

साल्ब्युटामॉल म्हणजे काही गुप्त प्रयोगशाळेतलं रसायन नव्हे. आपल्याकडे दम्याच्या रुग्णाच्या खिशात अस्थालिनचा निळा इनहेलर असतो, त्यातलंच हे औषध. एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम. त्या वेळच्या नियमानुसार खेळाडूला चोवीस तासांत १,६०० मायक्रोग्रॅम, म्हणजे सोळा पफ घेता येत होते. मात्र कोणत्याही बारा तासांत ८०० पेक्षा, म्हणजे आठ पफपेक्षा जास्त नाही. एवढ्यासाठी वेगळी वैद्यकीय परवानगी लागत नव्हती. फ्रूमला लहानपणापासून दमा आहे आणि शर्यतीत तो इनहेलर वापरताना कॅमेऱ्यांनी अनेकदा टिपला होता. म्हणजे हे द्रव्य त्याच्या शरीरात असणं हा गुन्हाच नव्हता. प्रश्न फक्त मात्रेचा होता. रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणाऱ्या ईपीओसारख्या द्रव्याचा नुसता अंश सापडला तरी ते उल्लंघन मानलं जातं. साल्ब्युटामॉलसारख्या मर्यादा असलेल्या द्रव्याला तो हिशेब लागू होत नाही. हा फरक न सांगता छापलेली बातमी अर्धवट असते, आणि त्या वेळी आलेल्या बहुतेक बातम्या अशाच अर्धवट होत्या.

आता त्या ‘दुप्पट’ची गोष्ट. नियम मोजतो लघवीतलं प्रमाण, पण बंधन आहे ते तोंडावाटे ओढलेल्या मात्रेवर. दोन्हींचा संबंध सरळ रेषेत नसतो. चार-पाच तास उन्हात सायकल मारलेल्या माणसाचं पाणी घामावाटे गेलेलं असतं, लघवी थोडी आणि दाट होते, आणि तेवढंच औषध कमी पाण्यात उतरलं की दर मिलिलिटरचा आकडा फुगतो. शिवाय औषध केव्हा घेतलं, आदली लघवी केव्हा झाली, तीन आठवडे रोज औषध चालू आहे का, आजारपणात दुसरी कुठली औषधं चालू होती, या सगळ्याने आकडा हलतो. म्हणूनच १ मार्च २०१८ पासून जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, वाडाने, साल्ब्युटामॉलचा आकडा लघवीच्या विशिष्ट गुरुत्वानुसार दुरुस्त करायला लावला. १.०२० ही प्रमाण घनता धरायची आणि नमुना त्याहून जितका दाट, तितकी मर्यादा वर सरकवायची. फ्रूमचा आकडा या हिशेबाने २,००० वरून १,४२९ वर आला. २,००० भागिले १,४२९ केलं की १.४ येतात, म्हणजे नमुना प्रमाण लघवीच्या १.४ पट दाट धरला गेला. मोजमापातली अनिश्चितता सोडून, ज्याच्या वर गेल्याशिवाय प्रयोगशाळा आक्षेपच नोंदवत नाही, तो निर्णयाचा आकडा १,२०० आहे. त्याच्याशी ताडलं तर फ्रूमचा नमुना सुमारे १९ टक्के वर होता.

एकोणीस टक्के वर म्हणजे वरच, हे मान्य. त्याचा खुलासा मागणं योग्यच होतं, आणि तो देण्याची जबाबदारी नियमाने खेळाडूवरच टाकली आहे. पण ‘दुप्पट’ आणि ‘एकोणीस टक्के’ यांत जे अंतर आहे ते लोकांपर्यंत पोचलंच नाही. मर्यादा ओलांडणाऱ्याने प्रयोगशाळेत तेवढीच मात्रा घेऊन लघवीत पुन्हा तेवढाच आकडा येतो हे दाखवावं, अशी नियमात तरतूद होती. अडचण ही की अठरा टप्पे झाल्यानंतरचं थकलेलं, आजारी, पाणी आटलेलं शरीर प्रयोगशाळेत उभं करता येत नाही. वाडाने शेवटी हेच मान्य केलं. त्या व्हुएल्टात फ्रूमचे रोजच नमुने घेतले गेले होते, त्यांचे आकडे, त्याने घेतलेल्या औषधांची नोंद आणि तज्ज्ञांचे अहवाल पाहून, हा नमुना उल्लंघन ठरत नाही असं तिने आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाला, म्हणजे यूसीआयला, कळवलं. २ जुलै २०१८ रोजी प्रकरण बंद झालं. पुढची टूर पाच दिवसांवर होती. टूरच्या आयोजकांनी त्याला येऊ न देण्याची तयारी केल्याची बातमी आदल्याच दिवशी आली होती.

पाच दिवसांत जनमत बदलत नाही. संघांच्या ओळख-समारंभातच फ्रूमची हुर्यो उडवली गेली. त्याआधी टूर पाच वेळा जिंकलेल्या बर्नार इनोने त्याच्याविरुद्ध उघड भूमिका घेतली होती. तो सुरुवातीच्या रेषेवर आला तर बाकीच्यांनी शर्यतच थांबवावी, इथपर्यंत. यूसीआयच्या अध्यक्षांना प्रेक्षकांना संयमाचं आवाहन करावं लागलं. आल्प दुएझच्या घाटात तर कुणी थुंकलं, कुणी अंगावर हात मारला, कुणी रंगीत धुराच्या नळकांड्या पेटवल्या. आपल्या मुंबई-पुणे शर्यतीत ‘घाटाचा राजा’ कोण होतो हे पाहायला बोरघाटात उभं राहिलेल्यांना कल्पना येईल : चढावर सायकलस्वाराचा वेग ताशी वीसच्या आसपास असतो, प्रेक्षक हातभर अंतरावर असतो आणि दोघांच्या मध्ये काहीही नसतं. त्याच घाटात, त्याच गर्दीत व्हिन्सेंझो निबाली खाली पडला, मणक्याचं हाड मोडलं आणि त्याची टूर संपली. निबालीचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नव्हता. त्या वर्षीची टूर जिंकली गेरांट थॉमसने, फ्रूमच्याच संघाचा सायकलपटू. त्याच्यावर कसलाही आरोप नसताना तोही हुर्योचा धनी झाला. एकाच्या लघवीतल्या आकड्याची शिक्षा दोन निर्दोष माणसांना मिळाली.

हे पहिल्यांदा झालं नव्हतं. १८ जुलै २०१५ रोजी रस्त्याकडेच्या एका माणसाने ‘डोपर’ म्हणत फ्रूमच्या अंगावर लघवीचा पेला फेकला होता. तेव्हा तर कुठलाही नमुना वादात नव्हता. होता तो त्याच्या वेगाबद्दलचा संशय, आणि पाठोपाठ आला वॅटचा हिशेब. चार दिवस आधी, १४ जुलैला, ला पिएर-सें-मार्तेंच्या चढावर त्याने सगळ्यांना मागे टाकलं होतं, आणि १९ जुलैला फ्रान्सच्या टीव्हीवर एका तज्ज्ञाने त्याची शक्ती दर किलो वजनामागे ७.०४ वॅट सांगितली. दोन दिवसांनी संघाने सायकलवरच्या शक्ती मोजणाऱ्या मीटरची नोंद जाहीर केली : ४१ मिनिटं २८ सेकंदांच्या चढावर सरासरी ४१४ वॅट, वजन ६७.५ किलो. भागाकार ६.१३ येतो. फ्रूमच्या सायकलला लंबगोल दातेरी चकती होती. क्रँकमधला, म्हणजे पॅडलच्या दांडीतला, मीटर एका फेरीत पायाचा वेग सारखाच राहतो असं धरून चालतो, लंबगोल चकतीत तो बदलतो आणि मीटर थोडं जास्त दाखवतो. संघाच्या मते हे जास्तीचं माप सुमारे सहा टक्के. ते वजा करून ५.७८.

ज्याला घरबसल्या पडताळायचं असेल त्याने चढाचा साधा हिशेब करावा. १५.३ किलोमीटर, सरासरी ७.४ टक्के चढ, म्हणजे सुमारे १,१३० मीटर उंची. ४१ मिनिटं २८ सेकंदांत एवढं चढायचं म्हणजे तासाला सुमारे १,६३५ मीटर. चढाची टक्केवारी दहाने भागून त्यात दोन मिळवले की २.७४; त्याला शंभराने गुणून १,६३५ ला भागलं की येतात दर किलोला जवळजवळ ६ वॅट. सूत्र ढोबळ आहे, पाठीवर वारा असला किंवा पुढच्याच्या आडोशाने चढलं की चुकतं, आणि घड्याळ चढाच्या नेमक्या कुठल्या दगडापासून लावलं यावरही अवलंबून असतं. पण ६ येणं वेगळं आणि ७.०४ येणं वेगळं. ६७.५ किलोच्या माणसाला ७.०४ साठी ४७५ वॅट लागतात. मीटरने दाखवलेल्यापेक्षा ६१ वॅट जास्त. एवढी चूक टीव्हीच्या पडद्यावर चालून गेली.

अलीकडे हीच गोष्ट स्लोव्हेनियाचा सायकलपटू तादेय पोगाचार याच्या बाबतीत चालू आहे. जुलै २०२४ मध्ये त्याने प्लातो द बेयचा घाट इटलीच्या मार्को पांतानीच्या १९९८ च्या वेळेपेक्षा तीन मिनिटांहून अधिक लवकर पार केला आणि त्या संध्याकाळी निकाल लागल्यासारखे लोक बोलू लागले. पोगाचारचा एकही नमुना दोषी निघालेला नाही. घाटाची वेळ शंकेला जागा देते, पुरावा देत नाही. मधल्या पंचवीस वर्षांत टायर बदलले, सायकलींचा हवेचा रोध कमी झाला, तासाला ९० ते १२० ग्रॅम कर्बोदकं पोटात घालायचं तंत्र आलं, आणि घाटाच्या पायथ्यापासून संघच भयानक वेग लावून देऊ लागला. यातल्या कशाने किती सेकंद वाचले हे कुणी वेगळं काढून दाखवलं तर चर्चा करता येईल. तोवर वेळेची तुलना ही नुसती तुलनाच राहते.

इथवर वाचून कुणाला वाटेल की मी विजेत्यांची वकिली करतो आहे. नाही. लोकांच्या संशयाला सज्जड कारण आहे, आणि त्याचं नाव लान्स आर्मस्ट्राँग. दुधाने तोंड पोळलेली ही माणसं आहेत. १९९९ ते २००५ अशा सात टूर त्याने जिंकल्या. ‘माझ्या शेकडो चाचण्या झाल्या, एकदाही सापडलो नाही’ ही त्याची ढाल होती आणि कोट्यवधी लोकांनी ती उचलून धरली. कर्करोगातून उठलेला माणूस, २००४ पासून जगभर मनगटांवर आलेले त्याच्या संस्थेचे पिवळे पट्टे; त्याच्यावर बोट ठेवणं म्हणजे रुग्णांच्या आशेवर बोट ठेवणं असं वातावरण झालं होतं. ऑगस्ट २०१२ मध्ये त्याच्यावर आजन्म बंदी आली, त्यानंतरही त्याच्या संस्थेच्या देणग्या लगेच आटल्या नाहीत, उलट सुरुवातीला वाढल्या.

चाचणीत न सापडणं कसं जमत होतं हे एकदा समजून घेतलं पाहिजे. १९९९ मध्ये लघवीतून ईपीओ ओळखण्याची मान्य चाचणीच नव्हती. रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण ५० टक्क्यांच्या वर गेलं की सायकलपटूला विश्रांतीला पाठवत. ते खाली आणायला नसेतून सलाइन चढवलं की झालं. ईपीओची चाचणी आल्यावर मोठ्या मात्रेऐवजी थोडी-थोडी, तीही रात्री, त्वचेखाली न देता थेट नसेत देऊ लागले; सकाळपर्यंत तिचा माग उरत नसे. त्याच्या जोडीला स्वतःचंच साठवलेलं रक्त परत चढवणं आलं, आणि स्वतःचं रक्त पकडणारी चाचणी नव्हतीच. १९९९ च्या टूरमध्ये एका नमुन्यात कॉर्टिकोस्टेरॉइडचा अंश निघाला होता. खोगिराच्या फोडांवर मलम लावल्याची, मागची तारीख घातलेली चिठ्ठी दाखवून तो मिटवला गेला. अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने १० ऑक्टोबर २०१२ रोजी प्रसिद्ध केलेल्या हजारावर पानांच्या कागदपत्रांत २६ जणांच्या शपथेवरच्या साक्षी होत्या, त्यांतले अकरा त्याचे जुने सहकारी सायकलपटू. २२ ऑक्टोबरला यूसीआयने ते मान्य केलं, सातही किताब गेले, आणि ती सात वर्षं आजही विजेत्याविना आहेत.

त्या काळात खरं बोलणाऱ्यांचं काय झालं? क्रिस्तोफ बासों या फ्रेंच सायकलपटूने १९९९ च्या टूरमध्ये वेगाबद्दल शंका लिहिली. आर्मस्ट्राँगने चालू टप्प्यात त्याला गाठून घरी जायला सांगितलं, बाकीच्या घोळक्याने वाळीत टाकलं, आणि बासों शर्यत सोडून गेला. संघाची मालिशवाली एम्मा ओ’रायली, सहकाऱ्याची पत्नी बेट्सी आंद्रू, पत्रकार डेव्हिड वॉल्श यांना वर्षानुवर्षं खोटारडे ठरवलं गेलं. त्यांना खोटं ठरवणाऱ्यांत फक्त आर्मस्ट्राँगचे वकील नव्हते. सामान्य चाहतेही होते.

आर्मस्ट्राँगच्या वेळी लोकांनी चाचणीला न्यायाधीश मानलं : ती गप्प आहे म्हणजे माणूस स्वच्छ. फ्रूमच्या वेळीही तिलाच न्यायाधीश मानलं : ती बोलली म्हणजे माणूस चोर. नियमाच्या दृष्टीने चाचणी ही एक साक्षीदार आहे. साक्षी, कागदपत्रं, पैशांच्या नोंदी यांवरून चाचणीशिवायही बंदी घालता येते, आणि चाचणीत आकडा वर येऊनही उल्लंघन झालं नाही असं ठरू शकतं.

फ्रूमच्या निकालाबद्दल माझी एक तक्रार आहे आणि ती मी मनापासून करतो. वाडा आणि यूसीआयने निष्कर्ष सांगितला, पण त्यामागचा सविस्तर, आकडेवार निकाल लोकांपुढे ठेवला नाही. इटलीच्या दिएगो उलिस्सीचा साल्ब्युटामॉलचा आकडा २०१४ च्या जिरो या इटलीतल्या शर्यतीत १,९०० होता आणि त्याला नऊ महिन्यांची बंदी झाली. आलेस्सांद्रो पेताक्कीचा २००७ मध्ये १,३०० च्या वर होता, त्यालाही बंदी भोगावी लागली. घनतेची दुरुस्ती तेव्हा नव्हती हे खरं. पण मग त्यांचे आकडे नव्या हिशेबाने कुठे बसले असते, हे कुणीतरी सांगायला हवं होतं. श्रीमंत संघाला महागडे वकील आणि तज्ज्ञ परवडतात म्हणून तो सुटला, ही भावना त्या गप्प बसण्यातून जन्मली. घाटात थुंकणाऱ्यांना क्षमा नाही, पण त्यांच्या रागाला खतपाणी या मौनानेही घातलं.

वृत्तपत्रांकडून माझी अपेक्षा अशी. डोपिंगच्या बातमीत द्रव्याचं नाव द्या आणि ते पूर्ण बंदीचं की मर्यादेचं हे त्याच वाक्यात सांगा. आकडा दिला तर शेजारी मर्यादा द्या, आणि दुरुस्त आकडा की कच्चा हेही लिहा. एकाच नमुन्याच्या दोन बाटल्यांपैकी फक्त ‘अ’ बाटली तपासली गेली की ‘ब’ बाटलीनेही दुजोरा दिला, तेही. खेळाडू तात्पुरता निलंबित झाला आहे की नाही, आणि नसेल तर नियमच तसा आहे की सवलत मिळाली, हे सांगितलं की निम्मे गैरसमज थांबतील. फ्रूम त्या दहा महिन्यांत खेळत राहिला, मे २०१८ मध्ये जिरोही जिंकला, आणि लोकांना ती मेहेरबानी वाटली, तेव्हा साल्ब्युटामॉलसाठी सक्तीचं निलंबन नियमातच नव्हतं. प्रकरण बंद झालं तर ती बातमी आरोपाच्या बातमीइतक्याच जागेत, त्याच पानावर यावी.

हे सगळं परदेशातलं म्हणून सोडून देता येणार नाही. वाडाच्या २०२३ च्या आकडेवारीत भारताचे ५,६०६ नमुने तपासले गेले आणि २१४ मध्ये आक्षेपार्ह द्रव्य निघालं, म्हणजे ३.८ टक्के, पाच हजारांहून अधिक नमुने तपासणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत जास्त. आपल्याकडे हा आकडा ‘२१४ खेळाडू दोषी’ असा वाचला जातो. तोही चुकीचा आहे. ही प्रयोगशाळेने नोंदवलेली संख्या आहे. त्यात वैद्यकीय परवानगी असलेले असू शकतात आणि एकाच खेळाडूचे दोन नमुनेही. परिस्थिती गंभीर आहेच, पण ती समजून घ्यायला खरा अर्थ माहीत हवा.

आणि शर्यतीत उतरणाऱ्या इथल्या मुलामुलींच्या पालकांसाठी, जाता जाता कामाचं. २०२२ पासून साल्ब्युटामॉलचा नियम बदलला : चोवीस तासांत १,६०० मायक्रोग्रॅम तसेच, पण कोणत्याही आठ तासांत ६०० च, म्हणजे १०० च्या इनहेलरचे सहा पफ. दवाखान्यात नेब्युलायझरला घालतात त्या एका छोट्या कुपीत २.५ मिलिग्रॅम, म्हणजे २,५०० मायक्रोग्रॅम असतात. एकदा वाफ दिली की दिवसाची मर्यादा ओलांडली. जीव घाबरा झाला असेल तर वाफ द्यायचीच, पण त्याच दिवशी डॉक्टरांकडून लेखी नोंद घेऊन वैद्यकीय सवलतीचा अर्ज करायचा. साल्ब्युटामॉलची गोळी आणि पातळ औषध कोणत्याही मात्रेत चालत नाही. खोकल्याच्या कित्येक बाटल्यांत साल्ब्युटामॉल किंवा टर्ब्युटालिन असतं आणि दुकानदार ती चिठ्ठीशिवाय देतो. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. गुडघ्यात घेतलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शनही २०२२ पासून स्पर्धेच्या काळात बंद आहे. इनहेलर चालू असेल तर एका वहीत तारीख, वेळ आणि पफ लिहून ठेवा, आणि नमुना देताना अर्जावर औषधांच्या रकान्यात ते सगळं भरा, सात दिवसांचं.

आपला,
सायकल शर्यतींचा एक वाचक
पुणे